वाचकांचे प्रश्न: बोर्ड जळलाय, दुरुस्त करू की नवीन घेऊ?

प्रश्न: दादा नमस्कार. मी कळव्याला राहते, घरूनच चार-पाच दुकानदारांचे हिशोब आणि जीएसटीची रिटर्न्स बघते. लॅपटॉप 2019 चा आहे, आय फाइव्ह आठव्या जनरेशनचा, 8 जीबी रॅम. मूळ चार्जरची वायर पिनपाशी तुटली म्हणून स्टेशनजवळून एक साधा चार्जर घेतला, तीन आठवडे नीट चालला. मागच्या मंगळवारी जोराचा पाऊस होता, लाइट दोनदा गेली आली, आणि एकदम चट् असा आवाज, कीबोर्डच्या डाव्या बाजूने जळका वास आणि सगळं बंद. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी न उघडताच सांगितलं, मदरबोर्ड बदला, 26 हजार. नौपाड्यातला एक मुलगा म्हणतो चिप लेव्हलला, म्हणजे बोर्डावरचा जळलेला पार्ट तेवढा बदलून देतो, साडेचार हजार. आमचे मिस्टर म्हणतात जळलेल्या वस्तूवर एक रुपया घालू नकोस, नवीन घे, पण नवीन म्हणजे 45 हजार आणि लेकीची डिप्लोमाची फी भरायचीय. टॅलीचा सगळा डेटा त्यातच आहे, बॅकअप मार्चमधला. काय करू?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात 20 तारखेच्या थ्रीबीचा, म्हणजे जीएसटीच्या दर महिन्याच्या रिटर्नचा उल्लेख नाही पण ती डोक्यावर असणारच, म्हणून डेटाचं तेवढं तुम्हाला फोनवर आधीच सांगून टाकलं. इथे परत लिहितो कारण अशी पत्रं दर पावसाळ्यात येतात आणि प्रत्येक जण बोर्डाची चिंता करतो, डेटाची नंतर. बोर्ड जळला म्हणजे डेटा गेला असं नसतं. तुमचा डेटा एसएसडीवर आहे, ती डेटा साठवणारी, च्युइंगगमच्या पट्टीएवढी एक पट्टी असते आणि तुमच्या लॅपटॉपसारख्या मॉडेलमध्ये साधारण एकाच स्क्रूवर बसवलेली असते, ती काढायची, यूएसबी केसमध्ये घालायची आणि लेकीच्या किंवा शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरला लावायची. दुरुस्तीला देण्याच्या आधी ती काढूनच ठेवा, दुकानात तिची गरज नसते. एकच अडचण येऊ शकते, विंडोजने डिस्क लॉक केलेली असेल तर दुसऱ्या मशीनवर बिटलॉकरची 48 आकडी की मागते. घाबरू नका, बहुतेक वेळा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा असते, मोबाइलवरून लॉगिन केलं की दिसते. (ज्यांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नवीन मॅकबुक वगैरे, त्यांचं मात्र बोर्ड जिवंत झाल्याशिवाय काही निघत नाही, त्यांनी बॅकअप रोज घ्यावा, यात हयगय नको.)

आणि तो चार्जर परत लावून बघू नका. "एकदा बघू चालू होतोय का" असं करत करत लोक पाच रुपयाच्या पार्टचं नुकसान पाच हजारावर नेतात.

आता खरा प्रश्न. 26 हजार, साडेचार हजार आणि 45 हजार हे तीन आकडे समोर ठेवून निर्णय होणार नाही, कारण नक्की काय जळलंय हे तिघांपैकी कोणीच अजून बघितलेलं नाही. जळालं कुठे आणि त्याच्या पुढे काय होतं, सगळं यावर आहे.

चार्जरमधून साधारण 19 व्होल्ट येतात. बोर्डावर शिरल्या शिरल्या दोन-तीन मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे छोटे स्विच) आणि चार्जिंगची आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) लागते, मग तेच 19 व्होल्ट सगळ्या बोर्डभर फिरतात आणि जागोजागी कमी केले जातात, कुठे 5, कुठे 3.3, आणि प्रोसेसरला जेमतेम 1 व्होल्ट. या 19 च्या वाटेवर तांदळाच्या कणीएवढे खाकी रंगाचे सिरॅमिक कपॅसिटर असतात, डझनांनी, थोडी वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे. त्यातला एक जरी तडकून शॉर्ट झाला तरी अख्खा लॅपटॉप मेल्यासारखा होतो, वास येतो, डाग पडतो, आणि तरी नुकसान तेवढंच असतं. कीबोर्डच्या डाव्या बाजूने वास आला म्हणताय, चार्जरची पिन त्याच बाजूला लागत असेल तर हीच शक्यता जास्त वाटते, पण उघडल्याशिवाय मी शब्द देणार नाही.

वाईट प्रकार दुसरा. प्रोसेसरसाठी 19 चा 1 व्होल्ट करणारा वरचा मॉस्फेट आरपार शॉर्ट झाला तर 19 व्होल्ट थेट प्रोसेसरमध्ये घुसतात आणि तो तिथेच संपतो. तुमच्या पिढीच्या पातळ लॅपटॉपात प्रोसेसर बोर्डालाच सोल्डर केलेला असतो, म्हणजे बदलणं जवळपास बोर्ड बदलण्याइतकंच महाग. असं निघालं तर साडेचार हजारसुद्धा घालू नका.

तिसरी गोष्ट स्वतः डोळ्यांनी बघा, डाग किती खोल आहे. बोर्ड म्हणजे एक पाटी नाही, आत तांब्याचे सहा, आठ, कधी दहा थर एकावर एक दाबलेले असतात. वरचा पार्ट जळून काळा झाला असेल तर तो काढला, जागा स्पिरिटने पुसली की खालचा हिरवा किंवा निळा रंग स्वच्छ दिसतो. पण भोक पडलं असेल, फायबर कोळशासारखा झाला असेल, तर तो कोळसा स्वतः करंट वाहून नेतो आणि आतले थर एकमेकांना चिकटलेले असतात. चांगला कारागीर ते खरवडून, तारा जोडून चालू करूही शकतो, मी असे चाललेले बोर्ड बघितलेत, पण रोजच्या धंद्याच्या मशीनसाठी मी त्यावर विसंबणार नाही.

नौपाड्यातल्या मुलाकडे जा आणि त्याच्यासमोर बसा. चांगला मुलगा असेल तर बसू देईल. मागच्या वर्षी मी वाशीला एकाकडे असाच बसलो होतो, त्याने बोर्डाला चार्जर लावलाच नाही, व्होल्ट आणि करंट ठरवता येणाऱ्या सप्लायवरून फक्त 1 व्होल्ट सोडला, करंटला लिमिट लावून, आणि ब्रशने बोर्डावर आयसोप्रोपाइल, म्हणजे लगेच उडून जाणारं स्पिरिट फासलं. सगळीकडे ओलं चकचकीत, आणि एका जागी, एवढ्याशा कपॅसिटरभोवती, बघता बघता कोरडं वर्तुळ झालं. शॉर्ट तिथेच, कारण तोच तापत होता. चिमट्याने तो काढला, मीटर लावला, शॉर्ट गेला. तेव्हा मला कळलं की या कामात पैसे पार्टचे नसतात, बिघाड शोधण्याचे असतात, आणि ते द्यायला जिवावर येऊ नये.

त्याउलट माझ्याच एका जुन्या लॅपटॉपचं एका दुकानाने तीनदा "आयसी गरम करून" दिलं, दर वेळी पंधरा-वीस दिवस चालला आणि परत काळी स्क्रीन, नऊ हजार गेले आणि शेवटी बोर्डही गेला. म्हणून सांगतो, नुसतं हीट मारून देतो म्हणणाऱ्याला देऊ नका. काय बदलणार ते पार्टच्या नावासकट विचारा, काढलेला पार्ट परत मागा, झालं नाही तर फक्त तपासणीचे पैसे द्यायचे हे आधी बोलून घ्या, आणि निदान तीन महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. पार्ट लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) आणायचाय, दोन दिवस लागतील म्हणाला तर ते खरं असू शकतं, त्यावरून संशय घेऊ नका.

मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मशीन सहा वर्षांच्या वरचं आहे, बॅटरी थकली असेल, बिजागरी सैल झाली असेल तर तोही खर्च धरा. पण तुमचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा आहे आणि ही जमेची बाजू आहे, कारण विंडोज टेनचे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले आणि इंटेलमध्ये विंडोज इलेव्हन साधारण आठव्या जनरेशनपासूनच अधिकृतपणे चालतं. सातव्याचा असता तर मी वेगळं लिहिलं असतं. टॅली, एक्सेल आणि पोर्टल एवढ्यासाठी हे मशीन अजून दोन-तीन वर्षं आरामात काढेल. माझा स्वतःचा हिशोब असा, तसंच सेकंडहँड मशीन जेवढ्याला मिळतं त्याच्या एक तृतीयांशाच्या आत दुरुस्ती बसली तर करावी. तुमच्या बाबतीत साडेचार हजार त्यात बसतात, 26 हजार कुठेच बसत नाहीत, त्यात एक पूर्ण सेकंडहँड लॅपटॉप येतो.

म्हणजे कपॅसिटर, मॉस्फेट किंवा चार्जिंगची आयसी निघाली तर करून घ्या. प्रोसेसरपर्यंत गेलं असेल किंवा भोक पडलं असेल तर थांबा, रॅम काढता येत असेल तर ती, स्क्रीन आणि एसएसडी ठेवून घ्या, उरलेलं भंगारवाल्याला न देता नोंदणी असलेल्या ई-वेस्टवाल्याकडे द्या, बॅटरी तर नक्कीच.

दुरुस्त झालं तर त्याच दिवशी चार्जर नवा घ्या. लॅपटॉपच्या खाली स्टिकरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, व्होल्ट अगदी तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नको. पावसात लाइट ये-जा करायला लागली की प्लग काढून बॅटरीवर काम करा.

मुलाने बोर्ड उघडला की दोन्ही बाजूंचे फोटो काढून मला पाठवा, डाग पुसण्याच्या आधीचा एक आणि नंतरचा एक. थ्रीबी भरून झाल्यावर पाठवलेत तरी चालेल.