कॅनिस्टरमध्ये टायरची हवा भरू नका

प्रश्न : काका, माझ्या जिम्नीला गॅस कॅनिस्टरवाले ॲडजस्टेबल शॉकअप बसवलेत. कणकुंबी, चोर्ला घाट असं नेहमी जाणं असतं. गाडी उसळायची म्हणून डायल पूर्ण ‘हार्ड’कडे फिरवला, तर आता कच्च्या रस्त्यावर दात वाजतात. मागच्या डाव्या शॉकअपच्या रॉडवर तेलही दिसतंय. टायरवाला म्हणतो, गॅस उतरलाय, हवा मारून देतो. मारू का?
– एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : अजिबात नको! कॅनिस्टर म्हणजे शॉकअपला जोडलेली गॅसची छोटी डबी. तिच्यात नायट्रोजन असतो, आणि बऱ्याच बनावटींत त्याचा दाब 150 ते 200 पीएसआय असतो. टायरमध्ये आपण तिसाच्या आसपास ठेवतो, बघा की. हवेबरोबर ऑक्सिजन आणि दमटपणा आत जातो. दाबाखाली तापणाऱ्या तेलाजवळ ही दोन्ही नकोत. शिवाय आत गॅस इतका थोडा असतो की साधा गेज लावून काढला तरी दाब उतरतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करण्यात माझी उमर गेली. दाब सोडल्याची खात्री न करता कुणी नटाला पाना लावला, की आजही माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्या कॅनिस्टरचा व्हॉल्व्ह फक्त नायट्रोजन आणि योग्य गेज असलेल्या शॉकअपवाल्यालाच उघडू द्या.

दात वाजण्याचं कारण मला डायलच वाटतं. चाक दगडावर चढलं की शॉकअप आखडतो, आणि पुढचा दगड यायच्या आत तो परत लांब व्हायला हवा. फार हार्ड केला तर तेलाला वाट अरुंद होते, चाक खाली यायच्या आतच दुसरा दणका बसतो, मग तिसरा. गाडी दर दणक्याला थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंपस्टॉपवर, म्हणजे चाक आणखी वर जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळते.

म्हणून शॉकअप गार झाल्यावर, सपाट जागी, चाकांना दगड लावून डायल हलक्या हातानं ‘हार्ड’कडे पूर्ण बंद करा. शेवटाला टेकला की जोर करू नका. तिथून उलट फिरवत एकूण क्लिक मोजा, वहीत लिहा आणि मधोमध ठेवा. मग एकेक क्लिक बदला, डावी-उजवी सारखीच, आणि दर वेळी त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं चालवून बघा. सामान भरल्यावर गाडी मागं बसत असेल तर मात्र डायलला हात लावू नका. वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही.

आता तेल. रॉड पुसा, जांबोटी-बेळगाव एक फेरी मारा, परत बघा. पातळसा ओलावा आणि त्यावर धूळ असेल तर काळजी नाही. ओघळ आला असेल तर रॉडभोवती तेल अडवणारं सील गेलं. रॉडवरून नख फिरवा. कुठं अडकलं तर तो ओरखडा नवं सीलही कापणार. आपल्याकडची तांबडी माती वाळू देऊ नका, त्याच दिवशी साध्या पाइपनं धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरचा झोत सीलवर मारू देऊ नका.

शॉकअप काढायचाच झाला तर पावसाळ्यात मऊ मातीवर जॅक लावू नका, तो रुततो. चासीखाली स्टँड द्या आणि ॲक्सललाही आधार द्या, नाहीतर तो खाली लोंबकळून ब्रेकचा पाइप ताणला जातो. बोल्ट निघताच रॉड आपोआप बाहेर येतो, आपलं तोंड बाजूला ठेवा. परत बसवताना रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा. डाव्याचं सील बदलाल तेव्हा उजवाही त्याच वेळी उघडून घ्या.