फिट थांबल्या, पण मुलगा हाताबाहेर गेला

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. मुलगा नऊ वर्षांचा, फिट्स सातव्या वर्षापासून, दिवाळीच्या आधी एक फिट आली म्हणून डोस वाढवला, तेव्हापासून फिट नाही पण गेले तीन महिने डबा भिंतीवर फेकणं, धाकट्या बहिणीला चावणं, शाळेतून रोज फोन, सासूबाई म्हणतात लाडाने बिघडवलाय, आणि परवा तू त्याला मारलंस आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडलीस. तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस, माझ्या लेकीच्या वयाची आहेस.

आधी सासूबाईंचं बोलणं घेऊ. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर मायकेल रटर या मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांची पाहणी केली होती, ती १९७० मध्ये छापून आली. त्यात एकूण मुलांमध्ये वागण्याचे नाहीतर मनाचे त्रास शंभरात सातेक जणांना होते, दम्यासारखे लांबणारे आजार असलेल्यांत बाराएक, आणि मेंदूला बाकी काही इजा नाही पण फिट्स आहेत अशा मुलांत अठ्ठावीस-एकोणतीस. आता दम्याच्या पोराचे आईबाप लाड करत नाहीत का? करतातच. लाडानेच सगळं होत असतं तर आकडा तिथेही तेवढाच दिसला असता ना. फिट मेंदूत तयार होते, राग आवरणं पण मेंदूचंच काम, त्यामुळे काही मुलांत तर पहिली फिट यायच्या आधीपासूनच वागणं बदललेलं असतं.

पण तुझ्या पत्रात मी अडकले ती एका ओळीवर, जी तू लिहून पुढे निघून गेलीस. दिवाळीच्या आधी लेव्हेटिरासेटमचा डोस वाढवला आणि तीन महिन्यांपासून हे सुरू झालं. हे औषध फिट्ससाठी चांगलं आहे, पण काही मुलं त्याने चिडचिडी होतात, रडतात, मारतात, आणि हे बऱ्याचदा सुरुवातीच्या आठवड्यांत नाहीतर डोस वाढवल्यावर दिसतं. गार्डिनाल म्हणून फिट्सचं दुसरं औषध आहे, त्यानेही काही मुलं खूप चळवळी होतात. मी इथे बसून हेच कारण म्हणणार नाही, पण तारखा जुळतायत आणि हे डॉक्टरांच्या कानावर जायलाच हवं. गोळी मात्र घरी स्वतःहून कमी करायची नाही, एक पण नाही, एकदम बंद केली तर न थांबणारी फिट येऊ शकते.

ओपीडीत काय होतं मला माहितीय. डॉक्टर विचारतात फिट आली का, तू म्हणतेस नाही, ते म्हणतात छान, आणि संपलं. यावेळी एका कागदावर लिहून ने, डोस कधी वाढवला, पहिल्यांदा डबा कधी फेकला, रात्री किती झोपला, कुठल्या वेळेला जास्त चिडतो. एखादा व्हिडिओ पण काढ. काही मुलं फिटच्या आधी नाहीतर नंतर एखादा दिवस चिडचिडी असतात, तेही अशाने कळतं. आणि तो मरायचं किंवा स्वतःला इजा करायचं बोलला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, त्याच दिवशी ने.

बाई म्हणतात तो वर्गात शून्यात बघत बसतो, हे पण सांग. अशा पाच-दहा सेकंदांच्या बारीक फिट्स असतात, पोरगं पडत नाही, फक्त अर्धं वाक्य हुकतं, आणि मग लक्ष नाही म्हणून ओरडा खातं. कधी फिट्सबरोबर एडीएचडी पण असतो, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चळवळेपणा. दोन्ही तपासता येतं. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या तपासणीचं आणि उपचारांचं सरकारी केंद्र असेल, तिथे विचार, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे बघतात.

आता घरचं. क्रिकेट बंद, सायकल बंद, मित्राच्या वाढदिवसाला पाठवत नाही, आणि आजाराचं नाव त्याच्यासमोर कोणी काढत नाही, काढलं तर हळू आवाजात. तुझी भीती मला कळते गं, मध्यरात्री त्याचा श्वास बघायला उठतेस असं लिहिलंयस तेव्हा पोटात तुटलं. पण नऊ वर्षांच्या मुलाला दाराआडचं सगळं ऐकू येतं आणि जे कळत नाही ते तो आणखी भयानक समजतो. त्याला सरळ सांग, तुला एपिलेप्सी आहे, मेंदूत कधीकधी विजेचा गोंधळ होतो, तुझा काही दोष नाही. क्रिकेट डॉक्टरांना विचारून सुरू कर. पोहायला एकटा नको, उंचावर चढणं नको, पण मैदान का काढून घ्यायचं त्याच्याकडून?

आणि नियम दोघा भावंडांना सारखेच ठेव. डबा फेकला तर शांत झाल्यावर भात त्यानेच गोळा करायचा, तू शेजारी बसून, मारायचं नाही. फिटनंतर गळून गेलेला असतो तेव्हा सोडून दे. तू स्वतः खूप थकलीयस, १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं, एकदा लाव.

धाकटीबद्दल पूर्ण पत्रात एकच वाक्य आहे, तिच्या हातावर दातांचे वण आहेत म्हणून. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं फक्त तिची ठेव, दादाचा विषय न काढता.