बंदी नको, परीक्षा घ्या

प्रश्न : मेहुणे म्हणतात, वैज्ञानिक ज्योतिषावर नुसती टीका करतात, परीक्षा कधी घेतलीच नाही. आणि टीव्हीवरच्या भविष्याच्या कार्यक्रमांवर बंदी घालावी का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : परीक्षा झालीय, तीही पुण्यात! २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आदींनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० धाडल्या. नुसती पत्रिका बघून मूल कोणत्या गटातलं ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवूनही निम्मी जुळली असती. (ज्योतिषी यावर पुष्कळ कारणं देतात. देऊ देत.)

बंदी मात्र मला पटत नाही. २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या चार ओळींपायी दोन मुलींना अटक झाली होती. त्या प्रकरणात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ (इंटरनेटवर आक्षेपार्ह लिहिणं गुन्हा ठरवणारं) सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, तेव्हा आपणच टाळ्या वाजवल्या ना? मग आता कोणत्या तोंडाने दुसऱ्याचं तोंड बंद करायचं? पैसे उकळून कोणी फसवलं तर खुशाल पोलिसांत जा, तो वेगळा मामला. मेहुण्यांचे ज्योतिषी ४० पत्रिका घ्यायला तयार असतील तर कळवा.