डीजे स्टेंट आत असताना कमरेत कळ आणि लाल लघवी: किती चालवून घ्यायचं, कधी धावायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: मूत्रवाहिनीतला 8 मिमीचा खडा दुर्बिणीतून लेझरने फोडून काढला, आत डीजे स्टेंट ठेवला, आज पाचवा दिवस. दर तासाला लघवीला जावं लागतं, लघवी करताना त्याच बाजूला कमरेत कळ येते, आणि काल स्कूटरवरून जाऊन आल्यावर लघवी लाल झाली. काही बिघडलंय का?

ताप नसेल तर बहुधा नाही. हा त्रास स्टेंटचाच आहे.

स्टेंट म्हणजे साधारण 24 ते 26 सेंमी लांबीची, जेमतेम 2 मिमी जाडीची मऊ नळी. तिचं एक वेटोळं किडनीत असतं, दुसरं मूत्राशयात. दुर्बीण जाऊन आल्यावर मूत्रवाहिनी आतून सुजते. ती सूज उतरेपर्यंत लघवी अडू नये आणि खड्याचा चुरा अडकून बसू नये, म्हणून नळी ठेवतात. खालचं वेटोळं मूत्राशयाच्या सगळ्यात हळव्या भागावर घासत राहतं, त्यामुळे सारखी लघवीची भावना होते आणि लघवीच्या शेवटी जळजळते. कमरेतल्या कळेचं कारण वेगळं. एरवी मूत्राशयातली लघवी उलटी वर चढत नाही, कारण तिथे झडपेसारखी व्यवस्था असते. स्टेंटने ती झडप उघडी राहते, आणि तुम्ही जोर दिलात की लघवी किडनीकडे ढकलली जाते. म्हणून कुंथू नका, बसून सावकाश करा, आणि मूत्राशय तुडुंब भरायची वाट न पाहता दोन-अडीच तासांनी जाऊन या.

लाल रंगाचं म्हणाल तर कोकम सरबताइतका फिकट लाल रंग स्टेंट निघेपर्यंत येत-जात राहू शकतो. हालचाल वाढली की वाढतो, पाणी पिऊन आडवं झालं की उतरतो. स्कूटर आणि खड्ड्यांचे रस्ते हे त्याचं अगदी ठरलेलं निमित्त. स्टेंट असेपर्यंत दुचाकी, वाकून उचलायची कामं आणि भरलेली बादली टाळा. चालणं, जिने चढणं, बसून काम चालेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःच बंद करू नका.

पाणी दिवसाला अडीच ते तीन लिटर, पण विभागून. एकदम लिटरभर ढोसलं की पुढचा तास संडासातच जातो. झोपायच्या दोन तास आधी कमी करा. कडक चहा-कॉफीने भावना वाढते. सातूचं पाणी, नारळपाणी प्या हवं तर. पाणी पोटात जातं एवढाच त्यांचा खरा फायदा, स्टेंटची जळजळ त्यांनी जात नाही. हृदयविकार असेल किंवा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर पाणी किती आणि नारळपाणी घ्यायचं की नाही, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने तीच कळ येते. रात्री इसबगोल पुरतं.

औषधांत सर्वात उपयोगी पडते टॅमसुलोसिन 0.4 मिग्रॅ, रात्री जेवणानंतर. ती मूत्रवाहिनीचे स्नायू सैल करते. रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा. सारखी भावना थांबत नसेल तर सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन लिहून देतात. पहिलीने तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ होतं, दुसरीने रक्तदाब वाढू शकतो. दुखण्यावर आधी पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या कळ छान थांबवतात, पण किडनीवर ताण आणतात, तेव्हा मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका.

एक चूक फार होते. स्टेंट असताना लघवीची साधी तपासणी केली की पस सेल (पूपेशी) आणि रक्तपेशी दिसतातच. तो कागद पाहून अँटिबायोटिक सुरू करणं चुकीचं. संसर्गाची शंका असेल तर कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहायची तपासणी, करतात.

थांबायचं नाही ते या वेळी: 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, विशेषतः हुडहुडी भरून. गुठळ्या किंवा दाट गडद लाल लघवी. लघवी पूर्ण बंद. गोळी घेऊनही न थांबणारी कळ किंवा उलट्या. ताप आणि थंडी असेल तर रात्र काढू नका, संसर्ग रक्तात पसरायला फार वेळ लागत नाही. नकळत सतत लघवी गळत असेल तर नळी खाली सरकलेली असू शकते, तेही त्याच दिवशी दाखवा.

डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढायची तारीख आहे का, ते आत्ताच पाहा. अशा ऑपरेशननंतर तो बहुधा एक ते तीन आठवड्यांत काढतात. दुखायचं थांबलं म्हणून लोक विसरतात. महिनोन्‌महिने राहिला की नळीवरच खडे साचतात आणि काढायला पुन्हा मोठं ऑपरेशन लागतं. वेळेवर काढणं मात्र पाच मिनिटांचं काम: भूल देणारी जेली, बारीक दुर्बीण, चिमटा. त्यानंतर काही तास, क्वचित दिवसभर, मूत्रवाहिनी आवळून जुनी कळ परत येऊ शकते. काढायच्या आधी तासभर वेदनाशामक घेऊ का, हे डॉक्टरांनाच विचारून ठेवा, आणि त्या दिवशी घरी जायला रिक्षा करा.