मनोरुग्णालयासाठी कलाकृती करवून घेणं : हे करिअर होऊ शकतं का?

प्रश्न : माझ्या मुलीने चित्रकलेची पदवी घेतली आहे. एका मनोरुग्णालयाच्या नव्या इमारतीत कलाकृती करवून घ्यायच्या आहेत आणि त्या कामात समन्वयकाची मदतनीस म्हणून तिला वर्षभरासाठी बोलावलं आहे. पुढेही हेच करायचं म्हणते. दुसऱ्यांकडून भिंती रंगवून घेण्यात कसलं आलंय करिअर? आणि रोज तिथे जाऊन तिच्याच मनावर परिणाम झाला तर? तिने प्रवेशद्वारासाठी केलेलं रेखाटन सोबत जोडते आहे.
– एक आई

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

रेखाटनापासूनच सुरुवात करते. उघडा पिंजरा, त्यातून झेपावणारे पक्षी, मागे उगवता सूर्य. मुलीचा हात चांगला आहे, यात शंका नाही. पण हे चित्र भेटायला येणाऱ्यांना सुखावणारं आहे. ज्याच्या वॉर्डाला कुलूप आहे आणि आपल्याला घरी कधी सोडणार हे ज्याच्या हातात नाही, त्याला येता-जाता उघडा पिंजरा दाखवायचा का, हा विचार तिने अजून केलेला दिसत नाही. संग्रहालयात चित्र आवडलं नाही तर आपण पुढच्या दालनात जातो. इथल्या माणसाला ती सोय नसते, आणि म्हणूनच कोणतं चित्र कुठे लागणार हे ठरवणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते.

हे ठरवणारी माणसं असतात आणि त्यांना त्याचा मोबदलाही मिळतो. स्वीडनमध्ये 1937 पासून सरकारी इमारतींच्या खर्चातला सुमारे एक टक्का कलेसाठी ठेवण्याचं धोरण आहे. पुढे अनेक देशांनी आणि शहरांनी तशी धोरणं आखली. ब्रिटनमध्ये 2016 साली सुरू झालेली ‘हॉस्पिटल रूम्स’ ही संस्था मानसिक आरोग्याच्या वॉर्डांसाठीच नामवंत कलाकारांकडून कामं करवून घेते. म्हणजे क्षेत्र लहान असलं तरी खरं आहे.

तिथे लागणारं ज्ञान मात्र कला महाविद्यालयात फारसं मिळत नाही. वॉर्डात चौकट टांगायची तर काच चालत नाही, पॉलिकार्बोनेट, म्हणजे सहजी न फुटणारं पारदर्शक प्लास्टिक, लागतं. चौकट भिंतीला सपाट बसली पाहिजे. मागे काही लपवता येईल किंवा स्वतःला इजा करून घेता येईल अशी फट, कडा, उंचवटा राहता कामा नये. स्क्रूसुद्धा खास हत्याराशिवाय न निघणारे. भित्तिचित्रावरचा थर जंतुनाशकाने वारंवार पुसला तरी टिकायला हवा, आणि वॉर्ड चालू असताना काम करायचं तर उग्र वासाचा रंग बाद. अग्निसुरक्षेचे नियम आहेतच. यातलं एक जरी चुकलं तरी परिचारिका ते चित्र दुसऱ्याच दिवशी उतरवायला लावतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

चित्र काय असावं, हा त्याहून नाजूक प्रश्न. रॉजर उलरिच या संशोधकाने 1984 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. त्यांनीच स्वीडनमधल्या एका मनोरुग्णालयाबद्दल लिहिलं आहे की तिथल्या रुग्णांनी ज्या चित्रांची मोडतोड केली ती अमूर्त होती. यावरून अनेक जण ‘मग निसर्गचित्रंच लावा’ असा सरधोपट नियम काढतात. मला तो पटत नाही. पहिला अभ्यास शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा आहे, दुसरं एकाच ठिकाणचं निरीक्षण. शिवाय प्रत्येक भिंतीवर तोच धबधबा लावणं म्हणजे रुग्णाला अभिरुची नसते असं मानणं झालं. काही गोष्टी मात्र टाळाव्यातच: आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय असं वाटणाऱ्या माणसासमोर रोखून बघणारे डोळे, किंवा हलल्याचा भास करणाऱ्या रेषा. बाकीचं तिथल्या माणसांना विचारूनच ठरतं.

हे विचारणं बहुतेक ठिकाणी नावापुरतं उरकलं जातं. तयार नमुने दाखवून हात वर करायला सांगितलं, झालं. खरं तर कलाकार निवडण्याआधीच रुग्णांसोबत, बरे होऊन गेलेल्यांसोबत आणि रात्रपाळीच्या परिचारिकांसोबत बसावं लागतं. औषधांसाठी जिथे रांग लागते तिथे उभं असताना नजर कुठे जाते? एकांत खोलीत आडवं पडलेल्याला तासन्‌तास काय दिसतं? बहुधा छत. त्या छताचा विचार नकाशावर बोट ठेवून बसलेल्या समितीला सहसा सुचत नाही. रुग्णांनी चित्रात भर घातली तर त्यांना श्रेय आणि मानधन मिळावं, पण त्यांचं नाव किंवा फोटो त्यांच्या संमतीशिवाय कुठेही जाऊ नये.

आता तुमची काळजी. ती रास्त आहे, पण मनोरुग्णालय म्हणजे हिंसा हे चित्र मनातून काढा. बहुतेक रुग्ण कुणाला इजा करणारे नसतात. ताण येतो तो ऐकलेल्या गोष्टींचा. म्हणून होकार देण्याआधी तिने विचारावं: वॉर्डात माझ्यासोबत कर्मचारी असेल का? मन मोकळं करायला अनुभवी व्यक्ती ठरवून दिली आहे का? उत्तर गोलमोल आलं तर मी तिला थांबायला सांगेन. आणखी एक, ती कला-उपचारक नाही. त्यासाठी वेगळं पदव्युत्तर प्रशिक्षण लागतं. ओढ त्या बाजूला असेल तर आत्ताच तिकडे वळावं, पण मदतनीस म्हणून जाऊन उपचार करायला लागू नये.

उत्पन्नाचं स्पष्टच सांगते. केवळ रुग्णालयांच्या कामावर घर चालवणारे थोडे. प्रकल्प संपला की पुढचा मिळेपर्यंत खंड पडतो. त्यामुळे वर्षभरात तिने अंदाजपत्रक, करार, विमा, स्वामित्वहक्क आणि बसवल्यानंतरची देखभाल शिकून घ्यावी. शेवटच्या बाबीची तरतूद तर अनेकदा कुणीच करत नाही. हे आलं की संग्रहालय, वास्तुविशारदांचं कार्यालय, सार्वजनिक कलाप्रकल्प अशा ठिकाणी नोकरी शोधता येते आणि रुग्णालयांची कामं त्याच्या जोडीने चालू ठेवता येतात.

तिला हे वर्ष घेऊ द्या, असंच मी म्हणेन. फक्त पिंजऱ्याचं रेखाटन समितीपुढे ठेवण्याआधी वॉर्डात राहून आलेल्या दोघा-तिघांना दाखवायला सांगा. त्यांनी ते नाकारलं तर ती काय करते, हे मला कळवा. ती पुढच्या बैठकीत त्यांचं ऐकायला वही घेऊन बसली, तर पुढच्या अभ्यासक्रमांबद्दल आपण सविस्तर बोलू.