गिटारचे लाकूड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मुलीसाठी अकूस्टिक गिटार घ्यायची आहे. एकाच कंपनीच्या दोन पाहिल्या. दोन्हींचा टॉप (पुढची फळी) स्प्रूसचा, पण एकीची पाठ आणि बाजू महोगनीच्या, दुसरीच्या रोजवुडच्या. दुसरी सहा हजारांनी महाग आहे. 'खर्ज हिच्यातच मिळेल,' असे दुकानदार म्हणतात. घ्यावी का? (पुणे)

त्यासाठी सहा हजार जास्त देऊ नका. आधी टॉप सॉलिड (सलग लाकडाचा) आहे की प्लायचा, ते पाहा. माहितीपत्रकात नुसते 'स्प्रूस टॉप' लिहिले असेल तर तो बहुधा प्लायचाच असतो. साउंडहोलची, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाची, कड नीट निरखा. वरच्या रेघा कडेवरून तशाच खाली उतरल्या असतील तर लाकूड सलग आहे, थर दिसले तर प्लाय. पैसे घालायचे ते इथे.

तारेचे कंपन सॅडल (तारा टेकतात ती पट्टी) आणि ब्रिज (टॉपवर चिकटवलेला तिचा आधार) यांमधून टॉपमध्ये उतरते, आणि हवा हलवण्याचे बहुतेक काम ही अडीच-तीन मिलिमीटरची फळीच करते. लाइट (पातळ) तारांचा सत्तर किलोंच्या वरचा ताण सोसायचा आणि तरी सहज थरथरायचे, म्हणून लाकूड हलके पण ताठ लागते. स्प्रूस तसाच असतो. आतल्या पट्ट्यांची, म्हणजे ब्रेसिंगची, जाडी किंचित बदलली तरी आवाज बदलतो.

पाठीच्या लाकडाचा काहीच परिणाम होत नाही, असे नाही. भारतीय रोजवुड म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारे शिसवी. ते महोगनीपेक्षा बरेच जड असते, आणि सुटी फळी टिचकी मारली की बराच वेळ वाजत राहते. महोगनीची टिचकी लवकर विझते. पण गिटार जोडून झाली की हा फरक फार आक्रसतो. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत फक्त पाठ आणि बाजूंचे लाकूड वेगळे असलेल्या सहा गिटार ५२ वादकांना लाकूड दिसू न देता वाजवायला दिल्या. महाग ब्राझिलियन रोजवुड आणि स्वस्त लाकडे यांना वादकांनी जवळपास सारखेच गुण दिले. शिवाय तुमच्या किमतीत 'रोजवुड' म्हणजे बहुतेक वेळा प्लायवर चिकटवलेला शिसवीचा पापुद्राच असतो.

दुकानात तुलना करताना दोन्हींवर सारख्याच नव्या तारा चढवायला सांगा, कारण जुन्या तारांनी चांगली गिटारही मंद वाटते. दुसऱ्या कुणाला वाजवू द्या आणि तुम्ही दोन मीटरवर डोळे मिटून ऐका.

प्रश्न : मी बोटांनीच वाजवतो. सीडरचा टॉप घेऊ का? (कोल्हापूर)

जरूर. सीडर स्प्रूसपेक्षा हलका आणि मऊ. हलक्या छेडण्यालाही तो लगेच भरून बोलतो, म्हणूनच माद्रिदच्या होसे रामिरेस यांनी १९६०च्या दशकात तो क्लासिकल गिटारींत रुळवला. पण पिकने जोरात स्ट्रमिंग केले की आवाज एका मर्यादेपुढे वाढत नाही, कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळतात. अशा वादनाला सिटका स्प्रूसच बरा. सीडरवर नखानेही वण पडतो. स्टीलच्या तारा १२ गेजपेक्षा (सर्वांत पातळ तार ०.०१२ इंच) जाड लावू नका, आणि ब्रिज उचलला गेला तर तो घरी ओढून काढू नका, खालचे तंतू सोबत निघून येतात.

प्रश्न : वाडा पाडला, त्यातल्या सागवानी तुळया ठेवल्या आहेत. त्यांची गिटार होईल का? (सातारा)

पाठ आणि बाजू होतील, आणि छान होतील. टॉपला मात्र सागवान वापरू नका. स्प्रूसच्या तुलनेत ते फार जड, आवाज दबेल. टॉपसाठी स्प्रूस विकतच घ्या.

पाठीला साधारण ५५ सेंटिमीटर लांब, २१ रुंद अशा दोन फळ्या लागतात, बाजूंना ८५ लांब, १३ रुंद अशा दोन. काप असा घ्या की वाढीची वलये फळीच्या पृष्ठभागाशी काटकोनात येतील. आडव्या कापाची फळी हवा बदलली की वाकते. करवत लावण्याआधी जुने खिळे चुंबकाने शोधून काढा. सागवानात सिलिका असल्याने पाती लवकर बोथट होतात, जादा पाते हाताशी ठेवा. पाठ अडीच मिलिमीटरपर्यंत उतरवा, बाजू दोनपर्यंत, नाहीतर गरम नळीवर वाकवताना तडकतील.

खरी अडचण तेलाची. सागवानाचे तेल पृष्ठभागावर येते आणि सांधा महिन्या-दोन महिन्यांत सुटतो. चिकटवायच्या जागी नवा रंधा मारा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच गोंद लावा. दुसऱ्या दिवसावर टाकलेत तर तेल पुन्हा वर येते.

लाकडाच्या नावाची धास्ती नको. स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस यांनी १८६२ मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या, टॉप तेवढा स्प्रूसचा, अशी गिटार केली. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

प्रश्न : पावसाळ्यात गिटारचा आवाज बसतो आणि तारा उंच होतात. सॅडल घासून घेऊ का? (रत्नागिरी)

नको. ओलावा शोषून टॉप फुगतो, ब्रिजमागे पोट येते आणि सॅडल वर उचलले जाते. लाकूड जड झाल्याने आवाजही दबतो. गिटार बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, सोबत आर्द्रतामापक ठेवून आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत आणा. पुड्या ओल्या झाल्या की बदला. उन्हात किंवा हीटरजवळ वाळवू नका, टॉपला तडा जाईल. जुलैत सॅडल घासलेत तर जानेवारीत टॉप खाली बसेल आणि तारा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) झणझणतील.