अर्जातल्या त्या दहा ओळी

प्रिय बाळास अनेक आशीर्वाद.

'मला नर्स का व्हायचंय' यावर दहा ओळी लिहायच्या आहेत आणि 'सेवेची आवड' याच्यापुढे पेन सरकत नाही, असं तू कळवलंस. मी अर्ज भरला तेव्हा माझ्याकडे ती आवडही नव्हती. घरात खाणारी तोंडं सात. शिकताना होस्टेल मिळतं, महिन्याला स्टायपेंड मिळतो, एवढंच मला दिसत होतं. त्याची मला कधी लाज वाटली नाही, तूही वाटून घेऊ नकोस. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनातून बायका नर्सिंग शिकायला निघाल्या तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणून लोक नावं ठेवत. त्यांच्यातल्या कित्येक विधवा होत्या. त्यांनाही आधी स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं.

आवड मला नंतर लागली, तीही एका चुकीतून. पहिल्या वर्षाची नाइट, चाळीसेक पेशंट आणि आम्ही दोघीच. खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा काही मागत नव्हते, म्हणून त्यांच्याकडे जायचं राहत गेलं. पहाटे इनचार्ज सिस्टरांनी माझा हात धरून त्यांच्या माकडहाडावर ठेवला. कातडी गरम, लालभडक. दाबून बोट उचललं तरी लाली हटेना. बेडसोअरची, म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची सुरुवात. सिस्टर एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी आधी न मागणाऱ्या पेशंटकडे जात आले.

बेडसोअर झाला तर दोष बहुधा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो, असं फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ सालीच लिहून ठेवलंय. हातात दिवा घेतलेलं तिचं चित्र तू पाहिलं असशील. मला त्या चित्रात न मावलेली नाइटिंगेल जास्त जवळची वाटते. क्रिमियाचं युद्ध चालू असताना, नोव्हेंबर १८५४मध्ये ती ३८ जणींना घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली. सगळ्याजणी रात्रंदिवस राबल्या, तरी त्या हिवाळ्यात मरणारे सैनिक वाढतच गेले. इमारतीखालची गटारं तुंबलेली होती, आत हवा खेळत नव्हती. मार्च १८५५मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगानं गटारं उपसली, हवेला वाट करून दिली आणि मृत्यू झपाट्यानं उतरले. लंडनला परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर तिनं हिशेब मांडला. बहुतेक सैनिक जखमांनी गेलेच नव्हते, टाळता आले असते अशा आजारांनी गेले होते. १८५८ साली तिनं तो हिशेब आकृत्या काढून छापला. नर्सिंगची शाळा त्यानंतर, १८६० साली. रात्री तीनला पेशंटचा ताप, नाडी, श्वास यांचा टीपीआर चार्ट भरताना डोळे मिटायला लागतील, तेव्हा तो हिशेब आठव.

आणि आपल्या मुंबईतलं एक सांगते. केईएम इस्पितळातल्या अरुणा शानबाग, त्याही सिस्टरच. १९७३मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५मध्ये जाईपर्यंत त्या अंथरुणावरच होत्या. एक पिढी रिटायर झाली, दुसरी आली, केईएमच्या सिस्टरांनी त्यांचं सगळं केलं. इतक्या वर्षांत अंगावर बेडसोअर नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालात आहे. ती ओळ वाचून मी रडले होते. त्यामागे किती हात, किती रात्री असतील, ते आमच्यातल्या प्रत्येकीला कळतं.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस, की रात्री दर दोन तासांनी गजर लावून आजीला कुशीवर वळवतेस. बाळा, अर्जात तेच लिही. आजी काय म्हणते, पहिल्यांदा वळवताना तुला भीती वाटली का, तेही लिही.

आणि तिच्या टाचा बघतेस ना? पोटऱ्यांखाली उशी दे, म्हणजे टाचा अधांतरी राहतील. आमच्या वेळी स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळायचे, पण लाल झालेली जागा तू चोळू नकोस. लाली हटत नसेल तर त्याच दिवशी मला फोन कर, मी येते.

तुझी,
काकू